पंगतीआधी वाचा: सणासमारंभाच्या स्वयंपाकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आठवडाभर आधी फोन सुरू होतात ते कोजागिरीपर्यंत थांबत नाहीत. थोडी उसंत मिळते तोवर दिवाळी येते, मग लग्नसराई, मग चैत्रातली वणीची यात्रा. मी आयुष्यभर अन्नशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या भंडाऱ्यात पातेली मोजायला लागले. त्यामुळे लोक माझ्याकडे दोन्ही प्रकारचे प्रश्न घेऊन येतात, पुस्तकातले आणि भट्टीवरचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. घरीच पन्नास माणसांचं जेवण करायचं आहे. सगळ्यात जास्त काळजी कशाची घ्यायची?

घड्याळाची. भाजी कुठून आणली, तेल कोणतं वापरलं याची चर्चा आपण खूप करतो. पंगतीनंतर पोटं बिघडतात ती मात्र बहुतेक वेळा नीट शिजवलेल्या पण नंतर तसंच पडून राहिलेल्या अन्नाने. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात. शिजलेलं अन्न या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नाशिकच्या एप्रिल-मेमधल्या दुपारी मांडवात दुसरा नियमच लागू होतो हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडचं खरं वेळापत्रक बघा. आचारी पहाटे पाचला भट्टी पेटवतो, भात-भाजी साडेदहाला उतरते, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, मग फोटो, मग पहिली पंगत पाहुण्यांची. घरची माणसं आणि वाढपी जेवायला बसतात तेव्हा चार वाजलेले असतात. आजारी पडतात ती बऱ्याचदा हीच शेवटच्या पंगतीची माणसं. म्हणून आचाऱ्याशी ठरवताना मुहूर्ताची वेळ सांगू नका. पान वाढायची खरी वेळ सांगा, आणि भात दोन घाण्यांत लावायला सांगा.

२. ६० अंश म्हणजे किती गरम, हे घरात कसं ओळखायचं?

सुईचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. मंडळाने एक घेऊन ठेवावा. तो नसेल तर ढवळल्यावर पातेल्याच्या मधून भरपूर वाफ यायला हवी, आणि घास फुंकर मारूनच तोंडात घालावा लागायला हवा. ‘कोमट आहे, चालेल’ हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, अन्न नेमकं धोक्याच्या पट्ट्यात आहे.

३. रात्री उरलेला मसालेभात सकाळी फोडणी देऊन खाल्ला तर काय होतं? आम्ही लहानपणापासून फोडणीचा भात खातोय.

मीही खाते. भात रात्री कुठे होता, एवढाच प्रश्न आहे.

तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात झोपलेलं त्याचं रूप, असतात. भात शिजताना जिवाणू मरतात, बीजाणू टिकतात. भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि भातातच विष सोडतात. हे उलटी आणणारं विष उकळीलाही दाद देत नाही. म्हणून सकाळची कडक फोडणी इथे उपयोगाची नाही. जिवाणू मरतील, विष राहील. असा भात खाल्ल्यावर तासाभरापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात.

हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, आणि तरी भाचीच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मसालेभाताचं अर्धं पातेलं मीच गरम करून वाढलं. रात्री सगळे दमले होते, फ्रिज बासुंदीने भरला होता, डिसेंबर होता, ‘थंडीच आहे’ म्हणून पातेलं ओट्यावर राहिलं. अकरा वाजेपर्यंत घरातली पाच माणसं न्हाणीघराच्या रांगेत होती. नशिबाने संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. भाची अजून मला ‘शिळ्या भाताची प्रोफेसर’ म्हणते.

भात जेवणानंतर दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये गेला असेल, तर दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच खा. दुसऱ्यांदा गरम करू नका.

४. मटणाचा रस्सा किंवा आमटी मोठ्या पातेल्यात उरते. ती रात्रभर नीट कशी टिकवायची?

पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर वीस लिटर रश्शाचा मध्यभाग सकाळीसुद्धा कोमट लागतो. भांडं जेवढं मोठं तेवढं ते हळू निवतं. अशाच घट्ट, खोल, हवा न पोहोचणाऱ्या ऊबेत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू वाढतो. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास त्याची संख्या दहाएक मिनिटांत दुप्पट होते. मटण, चिकन, घट्ट डाळी ही त्याची आवडती ठिकाणं. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब होतात, उलटी सहसा होत नाही.

उपाय पातेल्यातच आहे. रस्सा पसरट भांड्यांत ओता, थर तीन बोटांपेक्षा जास्त नको. परातीत गार पाणी घेऊन त्यात ती भांडी ठेवा, पाणी बदला, मधूनमधून ढवळा. दोन तासांत ६० वरून २१ अंशांपर्यंत, आणि त्यापुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरलं पाहिजे, असा व्यावसायिक स्वयंपाकघरांचा हिशोब आहे. घरी एवढं मोजत बसू नका. हाताला कोमट लागेनासं झालं की डबे फ्रिजमध्ये, आणि डब्यांच्या मध्ये हवा फिरायला जागा.

एवढ्या डब्यांना फ्रिजमध्ये जागा नसेल, तर जेवणं आटोपल्याबरोबर, अन्न गरम असतानाच, शेजारी आणि नातेवाइकांना डबे भरून द्या. सकाळी वाटलेलं शिळं अन्न हे पुण्य नव्हे.

५. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो ना?

लहान डब्यातलं कोमट अन्न ठेवल्याने बिघडत नाही. उकळतं मोठं पातेलं ठेवलं तर फ्रिज बिघडण्याआधी त्यातलं बाकीचं अन्न तापेल. ‘पूर्ण गार होऊ दे, मग ठेवू’ म्हणत चार तास वाट पाहणं मात्र नक्की महागात पडतं. फ्रिजचं तापमान ५ अंश किंवा त्याखाली हवं. सणाच्या दिवशी दार मिनिटामिनिटाला उघडतं, म्हणून पाण्याच्या बाटल्या बाहेर माठाशेजारी हलवा.

६. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा कुठल्या कुठे उतरतो. तेव्हाही फ्रिज लागतो का?

लागतो. वर्तमानपत्रात येतो तो पहाटेचा, उघड्यावरचा नीचांक. तुमच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, वीस माणसं झोपलेल्या घरात तेवढं तापमान कधीच नसतं. प्रश्न ३ मधली माझी गोष्ट डिसेंबरचीच आहे.

७. आमच्याकडे गौरीचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात होतो. मग वेगळी स्वच्छता लागते का?

सोवळ्यातल्या बऱ्याच सवयी चांगल्याच आहेत. आंघोळ करून, धुतलेलं नेसून, बाहेरच्या वस्तूला हात न लावता स्वयंपाक होतो. पण सोवळ्यात साबणाने हात धुवायचं राहून जातं, आणि एकच ओलं फडकं दिवसभर ओटा, हात, पातेल्याचा काठ सगळ्याला पुसत फिरतं. ते फडकं हा स्वयंपाकघरातला सगळ्यात घाणेरडा माणूस समजा. चार-पाच धुतलेली फडकी जवळ ठेवा आणि बदलत राहा. हात साबणाने वीस सेकंद धुवा.

नैवेद्याआधी चव घ्यायची नसते, त्यामुळे ‘आंबलंय का’ हे जिभेने कळत नाही. नारळाचं दूध, दही, आदल्या दिवशीचं वाटण असे लवकर नासणारे जिन्नस वास घेऊन आणि थोडंसं वेगळ्या वाटीत उकळून बघा. दूध फाटलं, तर ते खिरीत जायच्या आधी कळलेलं बरं.

८. आचाऱ्याच्या बोटाला कापलं आहे, किंवा घरातल्या कुणाला जुलाब आहेत. स्वयंपाकाला हात लावू द्यायचा का?

जुलाब-उलट्या थांबून ४८ तास होईपर्यंत नाही. अशा माणसाला हिशोब, खुर्च्या, पाहुण्यांना आणणं-सोडणं असं काम द्या. कापलेल्या, पिकलेल्या जखमेत आणि नाकात स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू असतो. त्याचं विषही उकळून जात नाही. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा. पेढे वळणं, लाडू वळणं, कोशिंबीर कालवणं ही कामं त्या माणसाकडे अजिबात नकोत, कारण पुढे त्यांना आच लागत नाही.

९. कार्यक्रमाला टँकरचं किंवा जारचं पाणी मागवतो. ते चालतं का? आणि बर्फ?

टँकरचं पाणी भांडी धुवायला ठीक आहे. पिण्यासाठी आणि कोशिंबिरी-मठ्ठ्यासाठी ते उकळून किंवा क्लोरिन टाकून, थेंबांच्या बाटलीवरच्या प्रमाणात आणि सांगितलेला वेळ थांबूनच वापरा. गार जारमध्ये पाणी थंड असतं एवढीच खात्री असते, शुद्धतेची नाही. सीलबंद जार आणि त्यावरचा आयएसआयचा शिक्का बघा.

बर्फाची चूक जास्त होते. मासळी आणि कारखान्यांसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. तो ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ निळसर करण्याचा नियम आहे. लादी कोणतीही असो, ती मठ्ठ्याच्या पिंपात टाकू नका. पिंपाभोवती टबात ठेवा. मठ्ठा तेवढाच गार होतो.

१०. देवापुढे प्रसाद किती वेळ ठेवावा?

सत्यनारायणाची पूजा लांबली, कथा झाली, आरती झाली, तीर्थप्रसादाला लोक रात्री दहापर्यंत येत राहिले, हे सगळीकडे होतं. शिऱ्यात केळं आणि दूध असतं, म्हणजे प्रश्न १ मधला दोन तासांचा हिशोब त्यालाही आहे. नैवेद्याची वाटी देवापुढे, आणि वाटायचा शिरा कुकरमध्ये किंवा मंद आचेवर गरम, असं करा.

पंचामृत ऐनवेळी कालवा. त्यात कच्चं दूध घालायचा आग्रह असेल तर गरोदर बाई, वयस्कर माणसं आणि लहान मुलांना हातावर थेंब द्या आणि मनातल्या मनात देवाची माफी मागा, किंवा सरळ तापवून गार केलेलं दूध वापरा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध असलेलं पंचामृत चाटवूसुद्धा नका, मधातल्या बीजाणूंनी बाळाला बॉट्युलिझम हा अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो.

भांडं महत्त्वाचं आहे. तांब्याच्या भांड्यात नुसतं पाणी ठीक. दही, ताक, लिंबू, चिंच घातलेलं काहीही तांब्यात किंवा कल्हई उडालेल्या पितळेत ठेवू नका, तांबं उतरून मळमळ आणि उलट्या होतात. भांडी बाजारातून आजीच्या लग्नातल्यासारखं सुंदर पितळी पातेलं आणलं असेल तर कढीआधी आतून कल्हई करून घ्या. कढीसाठी ॲल्युमिनियमही नको.

रामकुंडावरून आणलेलं तीर्थ स्वयंपाकात घालायचं असेल तर उकळत्या पदार्थात घाला, वरून नाही.

११. कोजागिरीचं दूध रात्री बारापर्यंत चांदण्यात ठेवायचं असतं. मग दोन तासांचा नियम मोडतो ना?

मोडतो. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मला तो फार आवडतो, कारण इथे परंपरा आणि जिवाणू दोघांनाही वेळ हवा असतो.

आठ वाजता आटवलेलं केशरी दूध गच्चीवर उघडं ठेवलं, तर बारापर्यंत ते चार तास कोमट राहतं. वरून पाखरं, धूळ, आणि पुन्हा पुन्हा डाव घालणारे हात. नंतर उकळलं तरी प्रश्न ८ मधलं स्टॅफिलोकॉकसचं विष जात नाही. म्हणून आमच्या गच्चीवरची पद्धत अशी: चंद्राला एक चांदीची वाटी दाखवायची. बाकीचं दूध शेगडीवर मंद आचेवर वाफाळतं ठेवायचं, आणि त्याच शेगडीवरून थेट पेल्यात. सगळं पातेलं चांदण्यात हवंच असेल तर उकळतं दूध पावणेबाराला वर न्या. चंद्र पंधरा मिनिटांत रागावत नाही.

१२. खव्यात भेसळ आहे का ते घरी ओळखता येतं का?

पिठूळ भेसळ ओळखता येते. थोडा खवा पाण्यात उकळून गार करा, आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पीठ किंवा स्टार्च आहे. पण शुद्ध खवासुद्धा उन्हात टेम्पोत दिवसभर राहिला तर घातक होतो, आणि ते आयोडीन सांगत नाही. आंबूस वास किंवा चिकटपणा आला की टाकून द्या. चांगला खवाही आणल्या दिवशीच भाजून वापरा. मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ताटावर ‘या तारखेपर्यंत खाणे उत्तम’ अशी पाटी असणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. पाटी नसेल तर विचारा. विचारायला लाजू नका.

१३. एकादशी-महाशिवरात्रीला भगर खाऊन लोक आजारी पडल्याच्या बातम्या येतात. भगर सोडून द्यायची का?

नाशिकमध्ये भगरीच्या गिरण्या आहेत, इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात वरई पिकते, आणि आम्हीच भगर सोडायची?

दोष वरईचा नसतो, तिच्यात दमटपणामुळे वाढलेल्या बुरशीचा असतो. बुरशीच्या विषाने मळमळ, उलट्या, चक्कर, अंग थरथरणं असं होतं. शिजवल्याने ही विषं भरवशाने जात नाहीत. उपासाच्या दिवशी दुसरं काही पोटात नसतं आणि सगळं गाव एकच पदार्थ खातं, म्हणून एका खराब पोत्याने एका रात्रीत दवाखाना भरतो. भगरीचं सुटं पीठ यात सगळ्यात वाईट, कारण पिठात बुरशी डोळ्याला दिसत नाही आणि पीठ ओलही लवकर धरतं. अन्न व औषध प्रशासनही दर सणाआधी हेच सांगतं. तारीख आणि बॅच क्रमांक असलेलं बंद पाकीट घ्या, निवडा, दोन-तीन पाण्यांनी धुवा, पीठ हवं तर घरीच लागेल तेवढं दळा, आणि मागच्या नवरात्रातली उरलेली भगर या शिवरात्रीला काढू नका.

शेंगदाण्यांनाही हेच लागू. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे भाजून कूट केले तरी त्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष तसंच राहतं. कडू दाणा लागला की थुंका, गिळू नका.

१४. अक्षय्य तृतीयेला आमरस आणि पुरण आदल्या रात्री करून ठेवलं तर?

पुरण चालेल. घट्ट शिजवून, पसरून निववून, फ्रिजमध्ये दोन दिवस. रस सकाळीच काढा. आंबे आधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, नाहीतर सालीवरचं सगळं बोटांमार्फत रसात येतं. रसाचं पातेलं बर्फाच्या टबात ठेवून वाढा. दूध घालायचं असेल तर वाटीत वाढताना घाला. कॅल्शियम कार्बाइडने आंबे पिकवायला बंदी आहे. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक आणि देठाशी वास शून्य, असे असतील तर दुसऱ्या गाड्यावर जा.

१५. आखाड पार्टीला चिकन-मटण जास्त प्रमाणात करायचं आहे. काही खास काळजी?

कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. त्याचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि कोथिंबीर कच्चीच वरून पडते. धुवायचंच असेल तर टोपात पाणी घेऊन हळू धुवा, मग सिंक साबणाने घासा. सुरी-पाट वेगळे ठेवा. मसाला लावून मुरवणं फ्रिजमध्येच. गोठवलेलं मांस रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या, ओट्यावर नाही. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्ये ७४ अंश आले की चिकन शिजलं. हाडाजवळ गुलाबी पाणी दिसलं तर पुन्हा चुलीवर.

उरलेल्या रश्शाचं प्रश्न ४ मध्ये सांगितलं आहे.

१६. मिसळ पार्टीसाठी मटकीला मोड आणतो. कच्ची मटकी वरून घातली तर?

मोड यायला ऊब आणि ओल लागते, जिवाणूंनाही तेच लागतं. तब्येतीने धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि नुकतीच केमोथेरपी झालेल्यांच्या ताटात मात्र उकळलेलीच मटकी हवी. उन्हाळ्यात भिजवलेल्या कडधान्याला फेस आणि आंबूस वास येतो. पाणी दोनदा बदला, मोड आले की लगेच फ्रिजमध्ये. आणि मिसळीचा कट नुसता गरम नको, उकळता हवा.

१७. दिवाळीच्या तळणीचं तेल पुन्हा वापरावं का?

चकली-शेवेचं तेल एकदा गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळणीला नको. काळसर रंग, फेस, लवकर धूर, चिकट वास यातलं काही दिसलं की टाका. व्यावसायिकांसाठी तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की ती वाढतात) मर्यादा २५ टक्के आहे, पण ते मोजायला यंत्र लागतं. तुमच्याकडे नाक आहे. आणि तळलेलं वर्तमानपत्रावर निथळायला ठेवू नका, शाई अन्नात उतरते.

१८. वणीला पायी जाणाऱ्यांना काय बांधून द्यावं? रस्त्यात काय खाऊ नये?

पाणी कमी, तेल-साखर-मीठ जास्त असलेले पदार्थ टिकतात. दशम्या, तेलाच्या पोळ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळ-दाणे, चिवडा, शंकरपाळे. दशम्या पूर्ण निवल्यावरच बांधा, नाहीतर वाफेने डब्यात बुरशी येते. ओल्या नारळाची चटणी, दहीभात, उकडलेल्या बटाट्याची भाजी दुपारच्या पुढे नको.

रस्त्यावरच्या अन्नदानाच्या मांडवांत वाफाळतं काय आहे ते बघा आणि तेवढंच खा. वाटणारा आग्रह करेल, कापलेलं कलिंगड पुढे करेल. हात जोडा आणि पुढे चाला. अख्खं केळं चालेल.

१९. आमचं मंडळ महाप्रसाद करतं. सरकारी नोंदणी लागते का? केटररचं काय बघायचं?

घरच्या पूजेच्या जेवणाला नोंदणी लागत नाही. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याखालच्या नियमांत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांची नोंदणी सांगितली आहे, आणि ती ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर होते. केटररला त्याचा वेगळा परवाना किंवा नोंदणी लागते. त्यावर चौदा आकडी क्रमांक असतो, तो बिलावर मागा.

क्रमांकापलीकडे माझे तीन प्रश्न असतात. अन्न कुठे शिजतं, मांडवात की गावाबाहेरच्या गोदामात? गोदामात असेल तर तिथून येताना ते कशात येतं? आणि भात किती वाजता उतरतो? या तिसऱ्या प्रश्नावर चांगला केटरर चटकन वेळ सांगतो. ‘ताई, टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर आलं की मी टेन्शन घेते. सिंहस्थात अन्नछत्र लावायचं ठरवणाऱ्या मंडळांनीही हेच विचारावं. पर्वणीला भाविक वेळेवर येत नाहीत, एकदम येतात. त्यामुळे थोडं थोडं, सतत शिजवत राहण्याची सोय लागते.

प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, नाव-वेळ लिहून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राखून ठेवा. काही झालंच तर कशाने झालं हे कळतं.

२०. काल रात्री लग्नात जेवलो, आज सकाळी मिसळ खाल्ली, दुपारी उलट्या. दोष कुणाचा?

खात्रीने प्रयोगशाळाच सांगेल, पण घड्याळावरून अंदाज येतो. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर आधीच तयार झालेलं विष, म्हणजे भात, दुधाचे गोड पदार्थ, हाताळलेलं अन्न. आठ ते सोळा तासांनी मुरडा-जुलाब म्हणजे बहुधा प्रश्न ४ मधला पाहुणा. ताप आणि जुलाब एक-दोन दिवसांनी आले तर साल्मोनेला, अर्धकच्चं चिकन किंवा अंडं आठवून बघा. म्हणजे तुमच्या उदाहरणात संशय मिसळीवर आधी जातो, लग्नावर नंतर. पण लग्नातल्या आणखी चार जणांना तुमच्याच वेळी त्रास झाला असेल तर हा हिशोब उलटा होतो. म्हणून भांडायच्या आधी फोन करून विचारा.

२१. त्रास सुरू झाला तर घरी काय करायचं आणि दवाखाना कधी?

ओआरएसचं पाकीट सगळ्यात उत्तम. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ घालू नका. घोटघोट द्या. जुलाब बंद करायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, मुलांना तर मुळीच नको.

रक्त पडलं, जोराचा ताप आला, पाणी पोटात टिकेना, लघवी सहा-आठ तास झाली नाही, डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागलं किंवा मूल मलूल पडलं, तर थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा. एकाच जेवणातले अनेकजण आजारी असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. राखून ठेवलेली वाटी फेकू नका.

२२. उरलेलं अन्न गाईला घातलं तर चालतं ना? वाया तर जात नाही.

एखादी पोळी, मूठभर भात ठीक. पण भंडाऱ्यानंतर घमेलंभर भात-पुऱ्या-बुंदी एकाच गाईपुढे ओततात, तिथे मी आडवी येते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एवढा स्टार्च एकदम गेला की आम्ल तयार होतं, पोट फुगतं, आणि गाय दगावूही शकते. पत्रावळीसोबत गेलेली प्लॅस्टिकची वाटी वेगळीच. उरलेलं जास्त असेल तर गोशाळेला आधी विचारा आणि ते म्हणतील तेवढंच द्या. आंबलेलं अन्न जनावरालाही नको. ते खतात टाका, आणि पुढच्या वर्षी आचाऱ्याला तांदूळ दोन किलो कमी सांगा.